कुठले जाधव?

मनमाडहून आमच्या गावाकडे येणाऱ्या गाडीत समोरासमोर बसलेली दोन अनोळखी मराठी माणसे पहिल्या पंधरा मिनिटांत काय बोलतात, याची एकदा कोणीतरी नोंद करून ठेवावी. गाडी उशिरा सुटली, ऊन फार झाले, यंदाही पावसाने मराठवाड्याला हूल दिली, एवढे बोलून झाले की बोलण्यात एक लहानसा खंड पडतो. दोघेही खिडकीबाहेर पाहतात. मग त्यांतला एक जण, बहुधा वयाने मोठा, घसा साफ करून विचारतो, "आपलं आडनाव?" समोरचा देशपांडे किंवा कासलीवाल निघाला तर विषय तिथेच मिटतो, विचारणाऱ्याची मान समाधानाने हलते आणि तो डबा उघडून चिवडा पुढे करतो. पण समोरचा "जाधव" म्हणाला, तर डब्यावरचा हात जरा थांबतो. मग दुसरा प्रश्न येतो. "कुठले जाधव?"

हा प्रश्न व्याकरणाने गाव विचारतो. पण विचारणाऱ्याला गाव नको असते. समोरच्या भाबड्याने "वैजापूरचे" म्हणून सांगितले तर "हो, पण मूळचे?" असा उपप्रश्न तयार असतो. मूळचेही वैजापूरचेच निघाले की कुलदैवत, देवक, सोयरीक अशी एकेक दारे ठोठावली जातात. प्रवासी बाईमाणूस असेल तर आणखी एक दार असते: "माहेरच्या कोण तुम्ही?" नवऱ्याच्या आडनावाने दाद दिली नाही तर वडिलांच्या आडनावाने उलगडा होतो, अशी ही युक्ती आहे. एवढा सगळा खटाटोप ज्यासाठी, ते उत्तर असते एका शब्दाचे. आणि तो शब्द मात्र दोघांपैकी एकही जण तोंडाने उच्चारीत नाही.

जाधव, पवार, मोरे, गायकवाड, चव्हाण ही आडनावे म्हणजे अशा विचारणाऱ्यांची मोठीच पंचाईत. देवगिरीच्या यादवांशी नाते सांगणारे जाधव. सिंदखेडराजाचे, जिजाऊसाहेबांच्या माहेरचे जाधव. १९५६ नंतर बौद्ध झालेले जाधव. बंजाऱ्यांच्या तांड्यावरचे जाधव. पालात जन्मलेले जाधव. एका आडनावाखाली अख्खा गावगाडा उभा आहे, आणि गावगाड्याबाहेर ठेवलेलेही उभे आहेत. अशा आडनावांपैकीच एक माझे आहे, माहेरचेही आणि सासरचेही. त्यामुळे हा दुसरा प्रश्न मला आजवर किती वेळा विचारला गेला, त्याची गणती नाही. एव्हाना वाचकांपैकी काहींच्या मनातही तो डोकावून गेला असेल. त्याचे उत्तर या लेखात नाही. ते दिले तर पुढचा मजकूर कोणाच्या बाजूचा हे आधीच ठरून जाईल, आणि तो वाचण्याचे श्रम कोणाला घ्यावे लागणार नाहीत.

कोणी म्हणेल, एवढे काय त्यात! आपल्या लोकांना नातीगोती जुळवण्याची हौस. विचारतात बापडे कुतूहलाने. कुतूहल मला परके नाही. कादंबऱ्या लिहिणाऱ्या बाईचे ते भांडवलच आहे. पण कुतूहल उत्तर मिळाल्यावर वाढते. एखाद्याने सांगितले की मी विहिरी खणण्याचे काम करतो, तर ज्याला खरे कुतूहल आहे तो पुढची दोन स्टेशने त्याला सोडणार नाही. "कुठले जाधव?" याचे उत्तर मिळाले की विचारणारा गप्प होतो. समोरच्या माणसाबद्दल जे कळायचे ते त्याच्या दृष्टीने कळलेले असते: तो काय खात असेल, घरात कसा बोलत असेल, नोकरीला कसा लागला असेल, त्याच्याकडे चहा घ्यावा की आताच झाला म्हणून सांगावे. म्हणजे हा प्रश्न माणसाची ओळख करून घेण्यासाठी नसतो. ती करून घेण्याचा त्रास वाचावा म्हणून असतो.

अशा वाचवलेल्या त्रासाला इंग्रजीत जो शब्द आहे, तो छापखान्यातून आलेला आहे. 'स्टीरिओटाइप' म्हणजे मुळात जुळवलेल्या खिळ्यांवरून साचा घेऊन ओतलेला धातूचा अखंड ठसा. एकदा तो ओतला की पान हवे तितक्या वेळा छापावे; खिळे पुन्हा जुळवायला नकोत. मजकुरात चूक राहिली असेल तर तीही प्रत्येक प्रतीत इमानाने छापली जाते. वॉल्टर लिपमन या अमेरिकन पत्रपंडिताने १९२२ साली लोकमतावरच्या आपल्या पुस्तकात हा शब्द माणसांच्या विचारांना लावला. जग मोठे, गुंतागुंतीचे. ते सगळे प्रत्यक्ष पाहून मग मत बनवायला सवड कोणाला आहे? म्हणून आपण चित्र आधी डोक्यात काढतो आणि मग बाहेर तेच पाहतो, असे त्याचे म्हणणे. माझे शिक्षण मॅट्रिकपुढे नाही, तेव्हा मानसशास्त्रावर मी अधिकाराने बोलू नये. पण ठसा म्हणजे काय हे कळायला पदवी लागत नाही, मराठी सिनेमा पुरतो. पाटील म्हटला की मिशी, फेटा आणि वाड्यावर बोलावलेली गरिबाची पोर. सावकार म्हटला की मारवाडी. भटजी म्हटला की लाडू. मुसलमान म्हटला की एक तर सुरा, नाही तर जिवाला जीव देणारा दिलदार पठाण, मधले कोणी नाही. दिग्दर्शकाची पात्र उभे करण्याची दहा मिनिटे वाचतात. कादंबरीत दहा पाने वाचतात, आणि आपल्याकडे लेखकाला जो मोबदला मिळतो तो पाहता दहा पाने वाचवण्याचा मोह काही लहान नसतो.

डोक्यातले चित्र कसे असते याचा सर्वांत ढळढळीत नमुना आमच्या शहराच्या जन्माशीच जोडलेला आहे, आणि तो खरोखरीचे चित्र आहे. हे शहर १६१० साली खडकी या नावाने वसवले ते मलिक अंबरने. हबसाणातला, म्हणजे आजच्या इथिओपियातला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि या हातातून त्या हातात जात दख्खनला पोहोचलेला हा मनुष्य निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. त्याची नहर, त्याची महसुलाची पद्धत, त्याचा गनिमी कावा यांना शाळेच्या पुस्तकात दोनचार ओळी मिळतात. जहांगीर बादशहाच्या फौजांना त्याने वर्षानुवर्षे दख्खनमध्ये स्वस्थता लाभू दिली नाही. तो हाती लागेना, तेव्हा बादशहाने आपल्या आत्मवृत्तात त्याला रंगावरून शिव्या दिल्या. तेवढ्यानेही भागेना, तेव्हा अबुल हसन या दरबारी चित्रकाराने एक चित्र काढले: भाल्याच्या टोकावर अंबरचे तोडलेले शिर, आणि पृथ्वीच्या गोलावर उभा राहून त्याला बाण मारणारा जहांगीर. हे चित्र रंगवले जात होते तेव्हा अंबर जिवंत होता आणि ते शिर त्याच्या धडावर शाबूत होते. १६२६ साली तो म्हातारपणाने वारला. त्याची कबर खुलताबादेला आहे. पुढे जहांगिराच्याच पदरचा इतिहासकार मुतमदखान याने लिहून ठेवले की युद्धात, कारभारात आणि सारासार विचारात या माणसाला जोड नव्हती.

शत्रू मेल्यावर मोकळेपणाने बोलता येते, हे खरे. पण यातून आणखीही एक गोष्ट दिसते. अंबर काय योग्यतेचा आहे हे दरबाराला सगळा वेळ ठाऊक होते. चित्र काही माहितीच्या अभावी काढलेले नव्हते. पूर्वग्रह म्हणजे अज्ञान, शिक्षण पसरले की तो आपोआप जाईल, असे शिक्षकदिनाच्या भाषणांत दरवर्षी सांगितले जाते. ते ऐकताना मला अबुल हसनची आठवण येते. त्याच्याइतका डोळस चित्रकार त्या काळी दुसरा क्वचितच असेल. त्याचे ते चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे.

शहरापासून दौलताबादचा किल्ला पाच कोसांवर. १९३४ साली डॉ. आंबेडकर तीसेक सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले असता वाटेत तिथे थांबले. त्याची हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. खेड्यापाड्यांतून जाताना त्रास नको म्हणून आपण कोण हे न सांगता प्रवास करायचा असे मंडळींनी ठरवले होते. किल्ल्याच्या दाराबाहेर पाण्याने काठोकाठ भरलेले एक टाके होते. रमजानचा महिना होता. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींपैकी काहींनी त्या पाण्याने हातपाय आणि तोंडे धुतली. काही झाले नाही. दारावरच्या शिपायांशी परवानगीचे बोलणे चालू होते, एवढ्यात मागून पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा मुसलमान टाके बाटल्याचा पुकारा करीत धावत आला. पाहता पाहता जमाव जमला, शिवीगाळ झाली. शेवटी मंडळींना आत सोडले ते बरोबर एक हत्यारबंद शिपाई देऊन. किल्ल्यात त्यांनी कोठे पाण्याला हात लावू नये, यावर नजर ठेवायला.

या प्रसंगात मला नेहमी थबकायला लावतो तो त्यातला क्रम. हात पाण्याला आधी लागले होते. बातमी मागून आली, आणि पाणी बाटले ते बातमीने. जो मनुष्य कोलंबियाची आणि लंडनची पदवी घेऊन आला होता, गोलमेज परिषदेत बसून आला होता, त्याच्याबद्दल त्या म्हाताऱ्याला कळले ते एवढेच. आणि तेवढे त्याला पुरले. राज्य निजामाचे, ओरडणारा मुसलमान, आणि त्याच्या तोंडी शिवाशिव हिंदूंची. माणसाला धर्म बदलायला केवढा विचार करावा लागतो! ठसा मात्र या धर्मातून त्या धर्मात सहज ये-जा करतो.

आज टाक्यावर कोणी ओरडत नाही. आज स्तुती होते. "तुम्ही त्यांच्यातल्या वाटत नाही हो!" हे वाक्य ज्यांनी ऐकले आहे, त्यांना त्यातले सौजन्य वेगळे समजावून सांगायला नको. नीटस राहणाऱ्या, स्वच्छ बोलणाऱ्या, वेळेवर येणाऱ्या प्रत्येक 'त्यांच्यातल्या'ला ते एकदा तरी भेटते. मुसलमान सहकाऱ्याला ते "तुमचं मराठी किती छान!" या रूपाने भेटते, आणि त्याच्या सात पिढ्या पैठणला गेलेल्या असतात. बोलणारा अगदी मनापासून बोलत असतो. एका माणसाला त्याने ठशातून मोकळे केलेले असते आणि त्याबद्दल थोड्या कृतज्ञतेची अपेक्षाही असते. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाचे पूर्वग्रहाचे स्वरूप उलगडणारे मोठे पुस्तक १९५४ साली निघाले. त्यात या युक्तीचे वर्णन आहे. ठशाशी न जुळणारा मनुष्य समोर आला की ठसा मोडावा, असे तर्क सांगतो. पण तसे होत नाही. तेवढा एक अपवाद मान्य करून आपण कुंपण पुन्हा नीट बसवून घेतो. म्हणून एखादा मोठा झाला की त्याच्याकडे पाहून लोकांची मने बदलतील, ही आशा फारशी फळत नाही. अपवादाच्या खात्यात गेलेला मनुष्य ठशाच्या हिशेबात धरलाच जात नाही. उलट ठशाला जुळणारा एक चोर सापडला की तो शंभर वर्षे पुरतो. १८७१ च्या इंग्रजी कायद्याने काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली गेला. पण गावात चोरी झाली की पहिला संशय आजही पारध्यांच्या पालाकडेच वळतो.

वाटण्या-न वाटण्याच्या या गोष्टींना कोणी हिशेब मागेल, तर तोही झालेला आहे, आणि ज्यांनी तो मांडला त्यांतले एक आमच्याच गावात शिकले. नागसेनवनात बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. तिथून बी. ए. झालेले सुखदेव थोरात पुढे अर्थशास्त्रज्ञ म्हणून नावारूपाला आले, विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षही झाले. त्यांनी आणि पॉल अॅटवेल या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने एक साधीच गोष्ट केली. वर्तमानपत्रांतल्या खाजगी कंपन्यांच्या जाहिराती पाहून अर्ज पाठवले. अर्जदार कल्पित, शिक्षण आणि लायकी सारखी, फरक फक्त नावांचा. एक नाव वरच्या जातीचे वाटावे असे, एक दलित वाटावे असे, एक मुसलमानी. अर्जात जातीचा किंवा धर्माचा शब्द नाही. ६६ आठवड्यांत ५४८ जाहिरातींना ४८०८ अर्ज गेले. २००७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की वरच्या जातीच्या नावाला पुढे बोलावणे येण्याची संधी एक धरली, तर तेवढ्याच लायकीच्या दलित नावाला ती सुमारे दोन-तृतीयांश आणि मुसलमान नावाला सुमारे एक-तृतीयांश होती.

ते अर्ज चाळणारा मनुष्य मला डोळ्यांपुढे दिसतो. टेबलावर पाकिटांचा ढीग, चहा निवत चाललेला. तो कोणाचा द्वेष करीत नाही. त्याला कोणी सांगितले की तू भेदभाव करतोस, तर तो खरोखरच दुखावला जाईल, आणि एखादा जिवाभावाचा मुसलमान मित्र त्याला लगेच आठवेलही. त्याला फक्त शंभरांतून दहा निवडायचे आहेत. नजर एका नावावर अडखळते, पाकीट डावीकडच्या ढिगावर जाते. खिळे जुळवायला त्याला वेळ नाही.

आमच्या शहरात भाड्याने खोली शोधणाऱ्यांना हे आकडे ठाऊक नसले तरी हिशेब पाठ असतो. वाळूजच्या एका कारखान्यात लागलेला माझ्या ओळखीचा एक तरुण. आडनाव देशमुख, मराठवाड्यात मुसलमान देशमुख आहेत हे बाहेरच्यांना पटकन लक्षात येत नाही. फोनवर घरमालकाने केवढे अगत्य दाखवले! "या की देशमुखसाहेब, संध्याकाळी किल्ली घेऊन जा." संध्याकाळी पूर्ण नाव कळले, आणि त्याच क्षणी मालकांच्या ध्यानात आले की त्या खोलीत आपला भाचा शिकायला येऊन राहणार आहे. असे भाचे या शहरात फार आहेत. ते कधी आंबेडकरी तरुणाच्या आड येतात, कधी एकट्या राहू पाहणाऱ्या नोकरदार मुलीच्या. मुसलमान मोहल्ल्यात खोली शोधणाऱ्या हिंदूच्याही ते आड आलेले मी पाहिले आहे.

हे सगळे जातीधर्माचे, म्हणजे आपल्याच मातीतले दुखणे, असे मात्र नाही. हेन्री ताजफेल नावाचा पोलंडमधला ज्यू तरुण फ्रान्समध्ये शिकायला गेला होता. महायुद्धात फ्रेंच फौजेत असताना १९४० साली तो जर्मनांच्या कैदेत पडला. आपण ज्यू आहोत हे त्याने लपवले नाही. पण पुढचा प्रश्न उरतच होता: कुठला ज्यू? पोलंडचा, असे उत्तर गेले असते तर तो वाचता ना. फ्रेंच म्हणून त्याची नोंद झाली आणि तो जगला. परत आला तेव्हा घरची बहुतेक सगळी माणसे संपलेली होती. पुढे तो इंग्लंडात ब्रिस्टल येथे मानसशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि १९७० च्या सुमारास त्याने शाळकरी मुलांचे काही प्रयोग केले. चौदा-पंधरा वर्षांची, एकमेकांना ओळखणारी मुले. त्यांना सांगितले की तुम्हाला कोणत्या चित्रकाराची चित्रे आवडली यावरून तुमचे दोन गट केले आहेत. प्रत्यक्षात वाटणी चिठ्ठ्या टाकाव्या तशी होती. आपल्या गटात कोण, पलीकडे कोण, हेही मुलांना कळू दिलेले नव्हते. दिसत होते ते फक्त क्रमांक आणि गट. मग त्यांना इतरांत थोडे पैसे वाटायला सांगितले. मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले, यात नवल नाही. नवल याचे की सगळ्यांनाच जास्त मिळेल अशी वाटणी समोर असतानाही पुष्कळांचा ओढा निराळ्या वाटणीकडे होता: आपल्यांना थोडे कमी मिळाले तरी चालेल, पण 'त्यां'ना त्याहून कमी मिळाले पाहिजे.

ब्रिस्टलच्या मुलांपुढे चिल्लर नाणी होती. आमच्यापुढे १९७८ साली एक नाव होते. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव द्यावे असा ठराव २७ जुलैला विधिमंडळात झाला. विद्यापीठ तेच राहणार होते. इमारती, पदव्या, जागा, कशातलेही काही कमी होणार नव्हते. तरी मराठवाडा पेटला. विद्यापीठाची पायरी कधी न चढलेल्या माणसांची घरे खेड्यापाड्यांतून जळाली, माणसे मारली गेली. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. नावावरून आमचे गाव किती तापते, हे त्यानंतरही अनेकदा दिसले. पण तो निराळा विषय आहे.

मोठ्यांचे हे सगळे पाहून होते, त्यातून मनुष्य थोडा निबरही होतो. जिव्हारी लागते ते वर्गातले. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोघी अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या एका खेड्यात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. सुटलेल्या कोड्यागणिक पैसे. मुलांच्या जातीचा उच्चार न करता कोडी दिली, तेव्हा वरच्या आणि खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांत फरक दिसला नाही. मग दुसऱ्या काही गटांत सुरुवातीलाच सर्वांसमक्ष प्रत्येक मुलाचे नाव, वडिलांचे, आजोबांचे नाव, गाव आणि जात वाचून दाखवली. कोडी तीच, पैसे तेवढेच. खालच्या म्हटलेल्या जातींच्या मुलांची सुटलेली कोडी सुमारे पाचव्या हिश्श्याने घटली. त्यांना कोणी रागावले नव्हते, कोणी वेगळे पाणी दिले नव्हते. फक्त हजेरी घेतली होती.

आमच्या शाळेत एका वर्षी पाचवीच्या वर्गात तीन जाधव होते. मुलांनी त्यांची आपापसांत सोय लावून टाकली होती: खिडकीचा जाधव, दाराचा जाधव आणि गोल टोपीचा जाधव. त्यांतल्या खिडकीच्या जाधवाला हस्ताक्षराचे बक्षीस मिळाले. बक्षीस द्यायला आलेले पाहुणे मायाळू गृहस्थ होते. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवून विचारले, "कुठले जाधव रे तुम्ही?" मुलाने मोठ्याने आणि अभिमानाने सांगितले, "खिडकीचा!" सगळी सभा हसली, पाहुणेही हसले. मग त्यांनी वडिलांचे नाव विचारले, वस्ती विचारली, आणि "बरं, बरं" म्हणून पुढच्या मुलाकडे वळले. तो मुलगा आठवीत असताना वक्तृत्वाचे बक्षीस घ्यायला पुन्हा मंचावर आला. पाहुणे निराळे, प्रश्न तोच. या वेळी तो बुटांकडे पाहत "इथलेच" एवढेच म्हणाला, आणि ढाल हातात पडायच्या आतच मागे वळला. मधल्या तीन वर्षांत शाळेतल्या कोणी त्याला हा धडा शिकवलेला नव्हता. पाठ्यपुस्तकात तो नाही.

मग आडनावेच काढून टाकावीत, असे सुचवणारे लोक आहेत. तामिळ मुलखात स्वाभिमान चळवळीने १९२९ साली चेंगलपट्टूच्या परिषदेत जातिवाचक पदव्या नावांतून गाळण्याचा ठराव केला, आणि तिकडे आज पुष्कळांच्या नावात आडनाव नसते. जात म्हणून गेली, असे तिकडचे वर्तमानपत्र वाचून वाटत नाही. आपल्याकडे राजपत्रात जाहिरात देऊन नाव बदलता येते, आणि बदललेल्या आडनावांच्या त्या याद्या वाचल्या तर अनेकांच्या अर्ध्या जन्माची हकीकत कळते. डिसेंबर २०२० मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने वाड्या-वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तो चांगलाच झाला. पण शाळेच्या दप्तरातला जातीचा रकाना इतक्या सहज काढता येणार नाही, आणि काढूही नये. ज्या जातीमुळे आजोबाला वर्गाबाहेर बसवले, तिच्याच दाखल्यावर नातवाला शिष्यवृत्ती मिळते. रकाना कोरा ठेवला तर देणेकऱ्याला कर्ज बुडवायला सोपे जाईल. करता येण्याजोगे आहे ते फार लहान आहे. शिष्यवृत्तीची यादी वर्गात मोठ्याने वाचू नये. मुलाला बाजूला बोलावून, किंवा चिठ्ठी घरी पाठवून, काम होते. माझ्या वर्गात मी हजेरी क्रमांकाने घेते आणि हाक पहिल्या नावाने मारते. तपासणीला आलेल्या एका साहेबांना त्यात शिस्त कमी वाटली होती.

आता नवा नियम झाला आहे. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांची नावे सरकारी कागदांवर आधी मुलाचे, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव अशी लिहायची. आईचे नाव आले याचा मला आनंद आहे. उशिरा का होईना, आले. ही मुले २०३० च्या सुमारास पहिलीच्या वर्गात येऊन बसतील. आमच्या हजेरीपटातला नावाचा रकाना मात्र अजून तीनच शब्दांच्या मापाचा आहे. चौथा शब्द त्यात बसणार नाही, तेव्हा कोणता गाळायचा यावर शिक्षकांच्या खोलीत आत्ताच चर्चा सुरू आहे. आईचे नाव गाळावे, असे बहुमत दिसते.